संगणकाचा पंखा रात्री ओरडतो तेव्हा

या सदरात आपण पंपाच्या फुटव्हॉल्व्हपासून मिक्सरच्या कार्बन ब्रशपर्यंत पुष्कळ यंत्रांवर बोललो. संगणकाची पाळी राहिली होती. आता ज्या घरात शिकणारे मूल आहे किंवा घरी बसून चार पैशांचे काम करणारी सून आहे, तिथे ही पेटी येऊन बसली आहे, आणि इतर यंत्रांसारखीच तिचीही दुखणी असतात.

वैशाखात एका भगिनीचे पत्र आले. दर्यापूरकडचे, कपाशी-तुरीचे घर. ती लिहिते : "भाऊ, दोन वर्षांपूर्वी धाकट्या भाऊजींनी पुण्याहून कॉम्प्युटर आणून दिला. दिवसा शेत आणि स्वयंपाक, म्हणून मी रात्री नऊनंतर बसते. एका शिकवणीवर्गाचे व्हिडिओ जोडून देण्याचे काम आहे. त्यावर मोठीची फी निघते. उन्हाळा लागल्यापासून मशीन अर्ध्या तासात पिठाच्या गिरणीसारखे ओरडू लागते. सासूबाईंना दमा आहे, त्या त्याच खोलीत झोपतात, बाळही तिथेच. परवा तर मशीन दोनदा आपोआप बंद पडले आणि झालेले काम गेले. तालुक्याच्या दुकानात दाखवले तर म्हणाले, प्रोसेसर जायला आला आहे, पाण्याचा कूलर बसवा, सात हजार लागतील. मामंजी म्हणतात, कूलर तर दाराशी आहेच, आणखी कशाला? तुम्हीच सांगा, काय करू? वर्गवाल्यांनी आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसरीकडे देऊ म्हणून सांगितले आहे."

मामंजींचा प्रश्न मला आवडला. आपल्याकडे कूलर म्हटले की गवताच्या ताट्या, पाण्याचा पंप आणि मागे मोठा पंखा असलेली पत्र्याची पेटीच डोळ्यांपुढे येते. संगणकातला एअर कूलर वेगळा. त्यात पाण्याची टाकी नाही की गवत नाही. धातूच्या पातळ पत्र्यांचा एक गठ्ठा आणि त्याला चिकटलेला पंखा, एवढेच ते प्रकरण. दाराशी असलेल्या कूलरने खोली गार राहिली तर संगणकालाही बरे. पण त्याचा ओला झोत थेट पेटीवर सोडू नका. बारीक तुषार आत गेले की साधी धूळ चिखल होऊन बसते.

आणखी एक घोटाळा आधी मिटवू. ज्या पेटीला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, तिचे खरे नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतल्या मदरबोर्डवर बसलेला प्रोसेसर. वरून तो आगपेटीएवढा दिसत असला तरी खरे काम करणारा आतला तुकडा अंगठ्याच्या नखाएवढाच असतो. या भगिनीच्या यंत्रात इंटेलचा कोअर आय-5 12400 आहे. तो 65 वॅटचा म्हणून सांगितला जातो. पण थोड्या वेळापुरता तो 117 वॅटपर्यंत जाऊ शकतो. पूर्वीचा साठ वॅटचा पिवळा बल्ब आठवा. पेटलेल्या बल्बला चुकून बोट लागले तर कसे पोळायचे! तेवढी, कधी त्याच्या दुप्पट उष्णता एका नखाएवढ्या जागेतून निघते आणि ती सतत बाहेर काढावी लागते. नाही निघाली तर प्रोसेसर सुमारे शंभर अंशांवर स्वतःच आपला वेग कमी करतो. तरीही भागले नाही तर जळून जाण्याऐवजी यंत्र बंद करून टाकतो. म्हणजे आपोआप बंद पडणे ही बहुतेक वेळा प्रोसेसर मेल्याची खूण नसून त्याने स्वतःला वाचवल्याची खूण असते.

म्हणून पत्राखालच्या नंबरावर फोन करून तिला म्हटले, "ताई, सात हजार राहू द्या. आधी पेटी उघडा."

ट्रॅक्टर तापला तर आपण पहिल्या दिवशी इंजिन बदलत नाही. आधी रेडिएटरची जाळी पाहतो. मळणीचे भूस, कपाशीचे तंतू अडकलेले असतात. संगणकाचेही तेच आहे, फरक एवढाच की त्याची जाळी पेटीच्या आत असते म्हणून दिसत नाही. सोयाबीनची मळणी अंगणात झाली असेल, घरात कापूस साठवला असेल, तर एका हंगामात कूलरच्या पत्र्यांवर नमद्यासारखा थर बसतो. मग पंखा कितीही फिरला तरी हवा आत शिरत नाही. पंख्याला वाटते आपण कमी पडतो, म्हणून तो आणखी जोरात फिरतो आणि ओरडतो. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे नाही. पण धूळ झाडण्याचे बिल कितीसे होणार?

सफाई अशी करावी. मुख्य वायर काढून ठेवा, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, आणि पेटी अंगणात आणा. घरात दम्याचे माणूस असेल तर हे फारच महत्त्वाचे. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रंगकामाचा मऊ, कोरा ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरे होतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. तिच्यात पाणी असते, कधी तेलही असते.

ताईंच्या पुतण्याने पेटी उघडली. धूळ निघालीच, वर पालीची दोन अंडीही निघाली. पण खरे कारण आणखी वेगळे होते. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर जो गोल कूलर फुकट येतो, तो चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर मदरबोर्डला अडकवलेला असतो. त्यांतली एक खुंटी सुटून वर आली होती. पुण्याहून टेम्पोत येताना हिसका बसला असेल, नाहीतर पहिल्यापासूनच नीट बसली नसेल. एक कोपरा उचललेला कूलर म्हणजे चुलीवर तिरका ठेवलेला तवा. एका बाजूची भाकरी करपते, दुसरी कच्ची.

अशी खुंटी नुसती दाबून भागत नाही. कूलर पूर्ण काढून, जुनी सुकलेली पेस्ट पुसून, नवी लावून पुन्हा बसवावा लागतो. या पेस्टबद्दल चार शब्द सांगतो. प्रोसेसरची पाठ आणि कूलरचा तळ हे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात केसाहून बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची मोठी वैरीण. तांब्यातून जितक्या सहज उष्णता जाते, त्याच्या हजारो पट अवघड तिला हवेतून जाणे होते. म्हणून मध्ये पेस्ट लावायची. मटारच्या दाण्याएवढा एक ठिपका मध्यभागी ठेवावा, कूलरच्या दाबाने तो आपोआप पसरतो. पोळीला तूप लावल्यासारखे थापू नये. जुनी पेस्ट पुसायला कापसाचा बोळा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. खुंट्या समोरासमोरच्या, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात, अशा जोडीने दाबाव्यात आणि मदरबोर्डच्या पाठीमागून चारी टोके बाहेर आलेली दिसतात का, ते पाहावे.

एएमडीचा प्रोसेसर असेल तर एक सावधगिरी जास्त. 2017 पासूनच्या रायझनचा एएम-4 हा जो सॉकेट आहे, त्यात प्रोसेसरला बारीक पिना असतात. पेस्ट सुकून चिकटली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. त्यासाठी यंत्र दहा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग वीज काढून कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवा.

पेटी कुठे ठेवली आहे, हेही पाहा. ताईंच्या घरी ती कपाटाच्या कोनाड्यात, भिंतीला पाठ लावून, वर क्रोशाचे झाकण घालून ठेवली होती. झाकण दिसते सुंदर, पण ते यंत्र बंद असतानाच घालावे. मागे वीतभर जागा सोडावी आणि पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावी, म्हणजे केरसुणीची धूळ आत जात नाही.

आणि आता एक उपाय, ज्याला एक पैसाही लागत नाही. यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-2 दाबले की जो बायोसचा पडदा येतो, त्यात बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरला किती वॅट खाऊ द्यायचे याची मर्यादा घालता येते. काही मदरबोर्डवाले ही मर्यादा मोकळीच सोडून देतात, कारण वेगाचे आकडे जाहिरातीत चांगले दिसतात. ती 65 वर आणून ठेवली तर लांबलचक व्हिडिओचे काम थोडे सावकाश होते, पण उष्णता पुष्कळ उतरते. रायझनमध्ये याच कामासाठी 'इको मोड' असतो. बायोसची भीती वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करावी. त्याने वरचा वाढीव वेग बंद होतो.

तपमान बघायला 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यू इन्फो' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ताईंच्या यंत्राचा आकडा सफाईआधी शंभराला टेकत होता. सफाई, नवी पेस्ट आणि 65 ची मर्यादा यानंतर, खोलीत 36 अंश असताना, व्हिडिओ जोडतेवेळी तो 86 वर राहिला. यंत्र बंद पडणे त्या रात्रीपासून थांबले. एकूण खर्च पेस्टच्या नळीचा आणि ब्रशचा.

वाचकहो, तुमच्या घरचा प्रश्न आवाजाचा नसून फक्त तापण्याचा असेल, तर इथेच थांबा. नवा कूलर घेऊ नका.

ताईंच्या घरी मात्र आवाज शिल्लक होता. फुकटचा कूलर छोटा असतो, त्याचा पंखाही छोटा, म्हणून उष्णता काढायला त्याला मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास पळावे लागते. सासूबाईंनी तोंडाने काही म्हटले नाही, पण दोन रात्री त्या उठून ओसरीवर जाऊन झोपल्या. ताईंनी हे फोनवर हळू आवाजात सांगितले. दम्याच्या माणसाने पहाटेच्या गारव्यात ओसरीवर झोपणे बरे नाही; मग खर्च करणे आले. पण तो सात हजारांचा का करावा?

पंख्याचे एक गणित ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबल उतरतो. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे 15 हा मोठाच फरक. दुसऱ्या बाजूने, पंखा आकाराने वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत हवा पुष्कळ वाढते. 92 मिलिमीटरचा पंखा आणि त्याच घडणीचा 120 मिलिमीटरचा पंखा सारख्याच वेगाने फिरवले तर मोठा पंखा दुपटीहून अधिक हवा फेकतो. तेव्हा शांततेची किल्ली एकच : पंखा मोठा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा. छताचा पंखा संथ फिरूनही सगळ्या खोलीला वारा देतो, आणि टेबलावरचा छोटा पंखा कानाशी घरघरतो. त्यातलाच हा प्रकार.

पंखा सावकाश फिरवायचा तर उष्णता पसरायला पत्रे जास्त हवेत. म्हणून चांगले कूलर उभ्या मनोऱ्यासारखे असतात. तळाशी तांब्याच्या चार नळ्या, त्या वर चढतात आणि ॲल्युमिनियमच्या पन्नासेक पत्र्यांतून जातात. या नळ्या भरीव नसतात. आत हवा काढून घेतलेली असते आणि थोडेसे पाणी कायमचे बंद केलेले असते. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले की तळाची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि परत खाली ठिबकते. नळीत तेच चालते. प्रोसेसरकडचे टोक तापले की पाण्याची वाफ होते, ती वरच्या गार पत्र्यांकडे धावते, तिथे पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत खाली येते. पंप नाही, वीज नाही, झिजायला काही नाही. ही युक्ती 1963 साली अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी नावारूपाला आणली आणि पुढे ती उपग्रहांतही वापरली गेली. आज ती दोन हजारांच्या कूलरमध्ये बसलेली आहे.

आता दुकानात जाण्यापूर्वीची मोजमापे. इथे घाई केली की कूलर परत करायची वेळ येते.

पहिले माप उंचीचे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढा, मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून कॅबिनेटच्या काठापर्यंत पट्टी उभी धरा आणि आलेल्या मापातून एक सेंटीमीटर वजा करा, कारण कूलर मदरबोर्डवर नाही तर प्रोसेसरच्या पाठीवर बसतो. उरेल त्याहून कूलर बुटका हवा. ताईंचे माप आले 16.3 सेंटीमीटर. वजा जाता 15.3, म्हणजे 153 मिलिमीटर. डीपकूलचा एके 400 हा नावाजलेला कूलर 155 मिलिमीटर उंच आहे. दोन मिलिमीटरसाठी गेला! कूलर मास्टरचा जुना प्रसिद्ध हायपर 212 इव्हो तर 159 चा. थर्मलराइटचा असासिन एक्स 120 एसई 148 चा आहे, तो बसतो. नाव भयंकर आहे, पण वस्तू गरीब स्वभावाची. या तिघांनाही 120 मिलिमीटरचा पंखा आणि चार नळ्या आहेत आणि 65 वॅटच्या प्रोसेसरला तिघांपैकी कोणीही पुरेसा आहे. तुमचे कॅबिनेट रुंद असेल तर जो स्वस्त मिळेल तो घ्यावा.

दुसरे, सॉकेट. इंटेलने 2021 साली बाराव्या पिढीबरोबर एलजीए 1700 सॉकेट आणला आणि कूलरच्या भोकांमधले अंतर 75 मिलिमीटरवरून 78 केले. तीनच मिलिमीटर, पण त्यामुळे कुणाकडून जुना कूलर स्वस्तात मिळाला तरी तो नव्या मदरबोर्डवर सरळ बसत नाही, वेगळी पट्टी लागते. म्हणून खोक्यावर तुमच्या सॉकेटचे नाव छापलेले आहे का, हे स्वतः वाचा. 'चालून जाईल' या शब्दावर जाऊ नका. एएमडीचे एएम-4 आणि 2022 चा एएम-5 यांना बहुतेक कूलर सारखेच चालतात.

तिसरे, रॅमच्या पट्ट्या. त्या उंच, शोभेच्या खवल्यांच्या असतील तर पंखा त्यांना अडतो. साध्या बुटक्या रॅमला ही अडचण येत नाही.

खोक्यावर '220 वॅट' वगैरे आकडे असतात, त्यांना फार भुलू नका. ते मोजण्याची सगळ्यांना मिळून ठरलेली एक पद्धत नाही. पंपावर छापलेला हेड आणि आपल्या विहिरीवर मिळणारा हेड यांतला फरक तुम्हाला सांगायला नकोच. त्यापेक्षा पंख्याचा कमीत कमी वेग किती, ते वाचा. पाचशे-सहाशे फेऱ्यांपर्यंत जो उतरू शकतो, तो रात्री शांत राहील. पंख्याच्या वायरला चार पिनांचे टोक हवे. त्यातून मदरबोर्ड त्याचा वेग नीट ताब्यात ठेवू शकतो. आणि रंगीबेरंगी दिव्यांचा पंखा दाखवतील, तो त्यांना परत द्या. झोपायच्या खोलीत त्या दिव्यांवर पुन्हा कापड टाकायची वेळ यायची.

भाव दुकानागणिक बदलतात. तरी एका मनोऱ्याचे, 120 मिलिमीटर पंख्याचे कूलर साधारण दीड ते तीन हजारांत मिळतात. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे कूलर फार शांत आणि टिकाऊ म्हणून नावाजलेले आहेत, पण त्यांच्या एकाच्या पैशांत इतर दोन-तीन येतात. दोन मनोऱ्यांचे, दोन पंख्यांचे कूलर दीडशे-दोनशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरसाठी. आपल्याला नकोत.

राहिला पाण्याचा कूलर. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. मोठ्या प्रोसेसरला आणि मोठ्या खिशाला तो शोभतो. पण त्यात पंप असतो आणि पंप चोवीस तास बारीक गुणगुणतो. पंप गेला की दुरुस्ती नाही, सगळेच बदलायचे; आणि तो गेला हे बहुधा यंत्र तापू लागल्यावरच कळते. साध्या कूलरचा पंखा गेला तर चारपाचशे रुपयांत नवा 120 मिलिमीटरचा पंखा क्लिपने अडकवून देता येतो. शिवाय पाण्याचा असो की हवेचा, खोलीतल्या हवेपेक्षा गार कुणीच करू शकत नाही. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोलीत 40 अंश असतील तर दोघांनाही तिथूनच सुरुवात करावी लागते.

ताईंनी 148 वाला घेतला, दोन हजारांच्या आतबाहेर मिळाला. बसवायला दुकानात न देता पुतण्यानेच बसवला. मी फोनवर होतो, कारण या कामात मी स्वतः एकदा मोठा मूर्खपणा केला आहे. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. ती न काढताच मी पेस्टवर कूलर बसवला आणि मग दोन तास प्रोसेसरला दोष देत बसलो. म्हणून पुतण्याला पहिला प्रश्न तोच विचारला. त्याने काढली होती. पोर माझ्यापेक्षा हुशार.

बाकी काम अवघड नाही. मदरबोर्डच्या मागे एक आधारपट्टी, पुढे दोन पट्ट्या, त्यांवर कूलर. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे; एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की कूलर तिरका बसतो आणि पुन्हा तव्याची गोष्ट. पंख्याचे तोंड असे ठेवायचे की हवा पत्र्यांतून जाऊन कॅबिनेटच्या मागच्या बाजूला निघेल. पंख्याच्या चौकटीवर बहुधा बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते असे समजावे. वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावायची.

एवढे करूनही पुष्कळ लोकांचा नवा कूलर ओरडतोच, कारण शेवटची पायरी राहून जाते. पंख्याने किती तपमानाला किती फिरावे, हे बायोसमध्ये ठरवावे लागते. गिगाबाइटच्या मदरबोर्डवर त्याला 'स्मार्ट फॅन' म्हणतात, असुसच्या मदरबोर्डवर 'क्यू-फॅन'. आम्ही 65 अंशांपर्यंत पंखा 35 टक्क्यांवर स्थिर ठेवला, 78 ला 55 टक्के आणि 90 ला पूर्ण. शिवाय वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते, ती सुरू केली. हे विसरू नका. झोपलेल्या माणसाला एकसुरी आवाजाची सवय होते. मिनिटामिनिटाला चढणारा-उतरणारा आवाज त्याला जागा करतो. प्रोसेसर क्षणात दहा अंश वर-खाली जातो, आणि पंखा त्याच्यामागे धावत राहिला तर रात्रभर उसासे टाकल्यासारखे ऐकू येते.

आता तिच्या यंत्रात व्हिडिओचे काम चालू असताना पंखा आठशे-नऊशे फेऱ्यांवर राहतो आणि आकडा सत्तरीच्या थोडा वर. पहिल्या रात्री थोडी घरघर उरलीच होती. कागदाची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरे पेटीच्या एकेका कोपऱ्याजवळ धरले, तर ती कॅबिनेटच्या मागच्या जुन्या पंख्याची निघाली. त्याच्या पाठीवरचा कागद अर्धा सोलून बेअरिंगमध्ये शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला, आणि तीही थांबली. परवा फोन आला तेव्हा ताई म्हणाल्या, सासूबाई आता आतच झोपतात, मात्र रात्री मध्येच हाक मारून विचारतात, "सूनबाई, मशीन बंद पडलं की काय गं?"

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. असा उंच कूलर बसवलेली पेटी एसटीने किंवा टेम्पोने न्यायची झाली तर ती उभी नेऊ नका. अर्धा-पाऊण किलोचे वजन मदरबोर्डवर आडवे लोंबत असते, खड्ड्यागणिक त्याला हिसका बसतो. पेटी आडवी ठेवा, कूलर वरच्या बाजूला तोंड करून उभा राहील अशी, आणि खाली गोधडी घाला.

आणि जुना गोल कूलर भंगारात देऊ नका. पुसून, कागदात गुंडाळून, खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. यंत्राची वॉरंटी शिल्लक असेल तर दुरुस्तीला पाठवताना तो लागतो, आणि ऐन कामाच्या दिवसांत नवा पंखा बिघडलाच तर दुसरा येईपर्यंत चार रात्री तोच चालवून घेता येईल. आवाज करील, पण काम अडणार नाही.